दहा दिवसांची गोळी

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की दुसऱ्या दिवशी परळ-लालबागच्या औषधांच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते. आदल्या रात्री गुडघाभर पाण्यातून घरी गेलेला माणूस काउंटरशी येतो, रुमालाने नाक पुसतो आणि म्हणतो, "इम्युनिटीची एक स्ट्रिप द्या." दुकानदार फारसे काही विचारत नाही. फळीवरून झिंकची, नाहीतर झिंक आणि क जीवनसत्त्व एकत्र असलेली स्ट्रिप काढून देतो. दोघांनाही वाटते, काळजी घेतली गेली.

खरे तर त्या माणसाला त्या घडीला विचारायला हवे होते, की पायाला कुठे खरचटले आहे का, आणि डॉक्टरांना दाखवले का? साचलेल्या पाण्यातून चालून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोस्पायरोसिसचे प्रतिबंधक औषध घ्यावे, असे मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ते औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोने काय केले, हे या शहराने पाहिले आहे. झिंकच्या गोळीने लेप्टो टळत नाही. पण खिशात स्ट्रिप असली की डॉक्टरांकडे जायचे राहते. या लेखात ज्या धोक्यांबद्दल लिहायचे आहे, त्यातला हा पहिला. गोळीने काही बिघडण्याआधीच तिने दिलेला धीर बिघडवतो.

झिंक म्हणजे आपले जस्त. गिरणगावातल्या छपरांचे पत्रे, चाळीच्या नळाखाली लावलेल्या जुन्या बादल्या, सगळ्यांवर त्याचाच मुलामा. अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर जस्त उतरते आणि खाणाऱ्याला मळमळून उलट्या होतात. ताक कशात ठेवायचे आणि चिंचेचे सार कशात करायचे नाही, याचे घरातल्या जुन्या बायकांचे नियम फार कडक असत, ते उगाच नव्हते. धातू पोटात किती जावा याला मर्यादा असते, हे शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात होते. तेच जस्त गोळीतून आले तेव्हा मात्र आपण मर्यादा विचारायची विसरलो.

जस्त शरीराला लागतेच, याबद्दल वाद नाही. तीनशेहून अधिक एन्झाइमांना त्याची गरज असते. पांढऱ्या पेशी तयार होणे, त्या पक्व होणे, जखम भरणे, चव आणि वास कळणे, मुलांची वाढ, या सगळ्यांत त्याचा हात आहे. आणि हे ज्याच्यामुळे जगाला कळले तो डॉक्टर मूळचा बिहारमधल्या बक्सरचा. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझला काम करत असताना त्यांच्यासमोर एक एकवीस वर्षांचा तरुण आला. दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. त्याच्या जेवणात बहुतेक बिनयीस्टची रोटीच, आणि त्याला माती खायची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांवर काम करून प्रसादांनी दाखवले की हा जस्ताचा तुटवडा आहे. जस्त दिल्यावर ही मुले वाढू लागली. तोवर माणसाला जस्ताचा तुटवडा होऊ शकतो हेच वैद्यकशास्त्राला मान्य नव्हते. १९७४ साली अमेरिकेने त्याची रोजची शिफारस ठरवली.

म्हणजे गोष्टीची सुरुवात तुटवड्यापासून आहे. तुटवडा असलेल्या शरीराला जस्त दिले की प्रतिकारशक्ती सुधारते. यातून आपण नकळत दुसरे वाक्य तयार केले, की पुरेसे असलेल्या शरीराला आणखी दिले तर प्रतिकारशक्ती आणखी वाढेल. पहिल्या वाक्याला पुरावा आहे. दुसऱ्याला नाही. गच्चीवरची टाकी रिकामी असेल तर पंप लावावाच लागतो. भरल्यावरही तो चालू ठेवला, तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला जास्त पाणी मिळत नाही. त्याचे छत गळायला लागते.

गिरगावातल्या एका चाळीत माझी मावशी राहते. वय सत्तरीच्या पुढे. २०२१च्या एप्रिलमध्ये तिला कोविड झाला, घरीच बरी झाली. गेल्या वर्षी तिच्याकडे गेल्यावर औषधांचा डबा पाहिला. त्यात झिंक ५० मिलिग्रॅमची स्ट्रिप, एक मल्टिव्हिटॅमिन, आणि नातवाने आणलेला 'ताकदीच्या' पावडरीचा डबा. तिन्हींवरचे आकडे वाचून बेरीज केली तर रोजचे जस्त ७०च्या पुढे जात होते, जेवणातले सोडून.

"मावशी, हे किती दिवस चाललंय?"

"कोविडपासून. डॉक्टरांनीच दिलीये की."

तिच्या फाइलमध्ये तो कागद होता. व्हॉट्सअॅपवर आलेला, नातवाने छापून ठेवलेला. त्यावर स्पष्ट लिहिले होते, झिंक ५०, रोज एक, दहा दिवस. दहा दिवसांची चार वर्षे झाली होती, मधले थोडे खंड सोडले तर. लिहून देणाऱ्याची चूक नव्हती. मावशीचीही नाही म्हणवत. त्या एप्रिलमध्ये घराघरांत जी भीती होती, तिने हातात जे आले ते घट्ट धरले. पण धरलेले सोडायचे केव्हा, हे सांगायला त्यानंतर कोणी आले नाही.

या वाक्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण ते एका मावशीपुरते नाही. महासाथीत अनेक उपाय पुराव्याआधी आले. त्या गर्दीत ते येणारच होते. त्यातल्या काहींची नीट परीक्षा झाली, आणि ती आठवण ठेवण्यासारखी आहे. २०२० साली लालबागचा राजा मंडळाने गणेशोत्सव न करता 'आरोग्योत्सव' केला. त्यात प्लाझ्मादानाची शिबिरे झाली, बरे झालेल्या लोकांनी रांगा लावून प्लाझ्मा दिला. हेतू निर्मळ होता. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली. त्याने आजार गंभीर होणेही थांबत नाही आणि मृत्यूही कमी होत नाहीत, असे दिसले. मे २०२१मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचनांमधून काढला गेला. प्लाझ्मा रुग्णालयात दिला जात होता, म्हणून तो थांबलाही.

झिंकचेही असेच झाले, पण अर्धेच. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने घरी राहून बरे होणाऱ्या २१४ कोविड रुग्णांवर चाचणी घेतली. काहींना रोज ५० मिलिग्रॅम झिंक, काहींना भरपूर क जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसते नेहमीचे उपचार, दहा दिवस. फायदा दिसत नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली गेली. निष्कर्ष फेब्रुवारी २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. जून २०२१च्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाच्या सुधारित सूचना जाहीर झाल्या. लक्षणे नसलेल्या आणि सौम्य आजाराच्या रुग्णांसाठीच्या यादीतून झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन गाळलेले होते. कागदावरून झिंक गेले. डब्यातून गेले नाही. ते रुग्णालयात नव्हते, घरात होते, आणि घरातल्या औषधाला डिस्चार्ज देणारे कोणी नसते.

साध्या सर्दीचे काय? त्याबद्दल २०२४ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने तीसहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. सर्दी होऊ नये म्हणून झिंक घेण्याचा फायदा जवळजवळ दिसत नाही. सर्दी झाल्यावर घेतले तर ती कदाचित दोनेक दिवस लवकर जाते, पण हा पुरावा कच्चा आहे, आणि मळमळ, तोंडाला वाईट चव असे त्रास झिंक घेणाऱ्यांत जास्त. ज्याला हा सौदा मान्य आहे त्याने चार-पाच दिवस घ्यावे, माझी हरकत नाही. मात्र नाकात घालायच्या झिंकच्या वाटेला कोणी जाऊ नये. अमेरिकेत अशा एका जेलमुळे वास येणे बंद झाल्याच्या १३०हून अधिक तक्रारी आल्यावर २००९ साली तिथल्या औषध प्रशासनाने लोकांना ते वापरू नका म्हणून सांगितले.

आता मुख्य धोक्याकडे. तो तांब्याचा आहे.

पितळेत तांबे आणि जस्त गुण्यागोविंदाने नांदतात. आतड्यात त्यांचे जमत नाही. जस्त जास्त आले की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन बनवू लागतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरते. पेशीत अडकलेले तांबे रक्तात पोचत नाही. काही दिवसांनी पेशी झडते आणि तांबे तिच्याबरोबर बाहेर जाते. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबे साठते, तिथे डॉक्टर याच गुणाचा उपयोग करून मुद्दाम झिंक देतात. ज्याला तो आजार नाही, त्याच्या शरीरातले हवे असलेले तांबे याच वाटेने निघून जाते.

तांबे कमी झाले की हिमोग्लोबिन उतरते, आणि ते लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही. पांढऱ्या पेशी घटतात, त्यातही न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी पहिली हातघाई करणाऱ्या पेशी. प्रतिकारशक्तीसाठी सुरू केलेली गोळी पहिल्या फळीचेच सैनिक कमी करते. रक्ताचे हे चित्र कधी कधी अस्थिमज्जेच्या गंभीर आजारासारखे दिसते. रुग्ण आणि घरचे महिनोन्महिने भलत्याच भीतीत राहतात, आणि कारण असते औषधाच्या डब्यात. तिसरा परिणाम मज्जारज्जूवर. पायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे. २००८ साली अमेरिकेतल्या न्यूरोलॉजिस्टांनी असे चार रुग्ण मांडले. त्यांनी झिंकच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. कवळी बसवण्याचे झिंक असलेले क्रीम ते वर्षानुवर्षे फार जास्त प्रमाणात वापरत होते. रक्त तांबे मिळाले की सुधारते. मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही.

हे सगळ्यांना होते असे मी म्हणत नाही. दहा दिवसांत तर होतच नाही. पण मात्रा आणि मुदत दोन्ही वाढत गेली की शक्यता वाढते, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा 'आणखी काही गोळ्या चालू आहेत का' याचे उत्तर 'नाही' असे येते, कारण झिंकला कोणी औषध मानतच नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या ऱ्हासावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज ८० मिलिग्रॅम झिंक दिले गेले. त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. त्या गोळीत अभ्यासकांनी दोन मिलिग्रॅम तांबेही घातले होते. इतके जस्त दिले तर तांबे घटेल, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. आपल्या दुकानांतल्या ५० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत तांबे नसते.

आकडे एकदा नीट पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेली शिफारस प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीसाठी १३.२ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत हेच आकडे ११ आणि ८ आहेत. आपले जास्त, कारण पोळी-भात-डाळीतले फायटेट जस्ताला बांधून ठेवते आणि शोषले जाणारे जस्त कमी होते. पण वरची मर्यादा दोन्हीकडे एकच, दिवसाला ४० मिलिग्रॅम, अन्न आणि गोळ्या मिळून. युरोपने ती आणखी खाली, २५वर ठेवली आहे. म्हणजे ५०ची एक गोळी, जेवणाआधीच, मर्यादा ओलांडून बसते. डॉक्टर काही आजारांत ठरावीक काळ याहून जास्त देतात, ते लक्ष ठेवून देतात. स्ट्रिप वाचताना आणखी एक फसगत होते. झिंक सल्फेटचे वजन वेगळे आणि त्यातल्या शुद्ध जस्ताचे वेगळे. बारीक अक्षरात 'एलिमेंटल झिंक' म्हणून जो आकडा असतो, तो खरा. पावडरी आणि गमी यांवर बहुधा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी ओळ असते. ही ओळ कायद्याने छापावी लागते. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'इम्युनिटी' असते, म्हणून ती कोणी वाचत नाही.

रक्तातले झिंक तपासून घ्यावे, असेही हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सुचवतात. ताप किंवा कोणताही संसर्ग असताना हा आकडा आपोआप खाली येतो. तो तुटवडा नसतो, तो डावपेच असतो. जंतूंनाही वाढायला जस्त लागते, म्हणून शरीर ते रक्तातून काढून यकृतात लपवते, आणि न्यूट्रोफिल कॅल्प्रोटेक्टिन नावाचे प्रथिन सोडून जंतूंभोवतीचे जस्त उचलतात. वेढा पडला की शत्रूची रसद तोडायची, ही युक्ती सह्याद्रीतल्या माणसांना समजावून सांगायला नको. अशा वेळी वरून भरमसाट जस्त ओतणे म्हणजे आपणच तोडलेली रसद पुन्हा चालू करणे ठरू शकते का?

हा प्रश्न महाराष्ट्रात २०२१च्या मे महिन्यात फार तीव्रतेने विचारला गेला, म्युकरमायकोसिसमुळे. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत जबड्यापासून डोळ्यापर्यंत बुरशी पसरलेले रुग्ण येत होते. बुरशीला जस्त आवडते, हे प्रयोगशाळेत दिसते. म्हणून काही डॉक्टरांनी झिंकच्या सरसकट वापराकडे बोट दाखवले. नंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. कुठे झिंक घेतलेल्यांत धोका जास्त आढळला, कुठे असा संबंध सापडला नाही. मोठी कारणे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक हीच राहिली. झिंकने म्युकर झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण ज्याचा काही अपाय नाही असे समजून आपण ते वाटत होतो, त्याबद्दल असा प्रश्न उभा राहू शकतो, एवढे तरी त्या महिन्याने शिकवायला हवे होते.

परळमध्ये राहणाऱ्या माणसाला प्रतिकारशक्ती या शब्दाचा इतिहास पायी चालत जाऊन पाहता येतो. १८९६ साली मांडवीत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना टोचून, टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना केली. १८९९ साली ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. आपल्या मुलांच्या तोंडात पडलेले पोलिओचे थेंब याच आवारातल्या हाफकिन महामंडळाचे असण्याची शक्यता मोठी. विशिष्ट रोगाविरुद्ध, मोजून, तुलना करून मिळवलेले संरक्षण ते. त्याच आवाराबाहेरच्या रस्त्यावर आज 'इम्युनिटी' विकली जाते आणि ती कोणत्या रोगाविरुद्ध, किती, कधीपर्यंत, हे कोणी विचारत नाही. मला याचे दुःख होते. साठी ओलांडलेली कितीतरी माणसे महिनोन्महिने झिंक घेतात आणि फ्लूची लस घेतली का म्हटले तर 'ती कशाला' म्हणतात. मधुमेहाची तपासणी सहा महिने टळलेली असते. तीन आठवड्यांचा खोकला असतो आणि शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या दिशेने पाय वळत नाही, कारण 'ताकदीची गोळी' चालू असते.

जस्त हवे असेल तर ते स्वयंपाकघरात आहे. भाऊच्या धक्क्यावरून येणारी कालवे हा जस्ताचा सर्वांत श्रीमंत स्रोत. चिंबोरी आणि मटणही चांगले. शाकाहारी घरात तीळ, शेंगदाणे, हरभरे, भोपळ्याच्या बिया. आणि मोड आलेली मटकी. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातले फायटेट घटते आणि अडकलेले जस्त सुटते. आंबवलेल्या पिठाचेही तसेच. गिरगावातल्या बिऱ्हाडांत रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीने हे काम फार वर्षे केले आहे. ज्यांना खरेच गोळी लागते असे लोक आहेत: आतड्याचे जुने आजार असलेले, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, दीर्घकाळ मद्यपान करणारे, अगदीच कमी खाणारे वृद्ध. त्यांनी ती डॉक्टरांना विचारून, मात्रा आणि मुदत लिहून घेऊन घ्यावी. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर झिंक त्या अँटिबायोटिकला बांधून टाकते.

मावशीने गोळी थांबवली. तिचे हिमोग्लोबिन कमी होते. ते झिंकमुळेच होते असे मी म्हणणार नाही, तिच्या वयाला कारणे पुष्कळ. डॉक्टरांनी तांब्याची तपासणी लिहून दिली, कारण या वेळी 'आणखी काय चालू आहे' या प्रश्नाला तिने सगळा डबाच समोर ठेवला.

झिंकचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र या सगळ्यापासून दूर, लहान मुलांच्या जुलाबात आहे. त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास दिल्लीतल्या मुलांवर झाला आणि १९९५ साली प्रसिद्ध झाला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने जुलाब झालेल्या मुलांना ओआरएसबरोबर झिंक द्यायला सांगितले. परळच्या वाडिया रुग्णालयापासून पाड्यावरच्या आशाताईपर्यंत सगळ्यांना तो हिशेब पाठ असतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅमची गोळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, रोज एक. जुलाब आधी थांबले तरी पूर्ण चौदा दिवस. आईच्या हातात आशाताई मोजून चौदा गोळ्या ठेवते.